खिडकी बसवायची आहे? आधी तिची कड कुणाची ते ठरवा

घर दुरुस्तीला काढलं की प्रत्येक कामाला एक धनी असतो. गिलावा गवंड्याचा, नळ प्लंबरचा, तारा वायरमनच्या, रंग रंगाऱ्याचा. खिडकीचं तसं नाही. भिंत फोडतो गवंडी, वर लिंटेल (भोकावरची काँक्रीटची आडवी पट्टी) ओततो सेंट्रिंगवाला, दगडी चौकट लावतो ग्रॅनाइटवाला, ग्रिल वेल्डिंगवाल्याची, सरकती खिडकी फॅब्रिकेटरची आणि कडेला पुट्टी भरतो रंगारी. सहा जणांचे हात चार फुटांच्या एका भोकाला लागतात. पुढे पाणी गळायला लागलं की सहाही जण दुसऱ्याचं नाव सांगतात. गळणारं पाणी जवळजवळ नेहमी चौकट आणि भिंत यांच्यामधल्या अर्ध्या इंचातून येतं, आणि तो अर्धा इंच कुणीच आपला मानत नाही.

हे आम्ही आमच्या घरात शिकलो. सोलापुरात अशोक चौकाजवळचं सासऱ्यांचं जुनं विटांचं घर, पुढच्या खोलीत एके काळी दोन माग चालायचे. माग गेले, तेव्हा त्या खोलीच्या दोन राहत्या खोल्या करायच्या ठरल्या आणि एकूण सात खिडक्या बदलायला काढल्या. पहिल्या तीन उन्हाळ्यात घाईने बसवल्या आणि सप्टेंबरच्या पावसात तिन्ही गळल्या. उरलेल्या चार दिवाळीनंतर, नीट क्रम लावून बसवल्या. त्यांच्या कडेला आजवर ओल आलेली नाही. माल तोच, माणसंही बहुतेक तीच होती. बदलला तो कामाचा क्रम आणि आधी लिहिलेला एक कागद. पहिल्यांदाच घर दुरुस्तीला काढणाऱ्यांसाठी तो क्रम इथे सांगते.

१. मिस्त्रीला बोलावण्याआधी घराभोवती फिरा

एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक भिंतीला हात लावून बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो. त्या दिवसांत पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते आणि रात्री दहापर्यंत खोलीत ऊब सोडत राहते. तिथे मोठी काचेची खिडकी केली तर ती ऊब थेट पलंगावर येते. पश्चिमेचं ऊन तिरपं असतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला खिडकी लहान आणि थोडी उंचावर ठेवा, बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा टांगायला आधीच हूक लावून घ्या. ऊन काचेच्या बाहेरच अडवलेलं बरं. काच ओलांडून आत आलेली उष्णता पडद्याने परत जात नाही.

दक्षिणेची बाजू सोपी आहे, दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. उत्तरेकडून ऊन येतच नाही असं लोक समजतात. पण आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीवरही छज्जा हवाच.

पावसाचंही बघा. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा म्हणून खिडकीच्या पाण्याकडे आपण फार लक्ष देत नाही. पण इथे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तासाभरात भिंत भिजवून जातो. आमच्या तिन्ही खिडक्या अशाच एका संध्याकाळी गळल्या.

२. भिंत फोडण्याआधी ती कशावर उभी आहे ते कळू द्या

नवी इमारत कॉलम-बीमची असते, तिथे मधली भिंत फोडणं तुलनेने सोपं. पेठांमधली जुनी घरं तशी नाहीत. तिथे स्लॅबचं किंवा माळवदाचं (लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताचं) ओझं थेट भिंतीवर असतं. दोन फुटी दगड-मातीची भिंत आणि वर माळवद असेल तर नुसत्या मिस्त्रीच्या भरवशावर नवी खिडकी पाडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणा. त्याची फी वाया जात नाही. दगडी भिंतीत आतला आणि बाहेरचा थर वेगळा असतो, मध्ये चिपा आणि माती. एक दगड काढला की शेजारचे चार ढिले होतात.

विटांच्या भिंतीतही तीन गोष्टी सोडू नका. खिडकी कोपऱ्यापासून दीड-दोन फूट तरी लांब हवी. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकलेलं हवं. आणि फोडण्याआधी वरच्या ओझ्याला लोखंडी टेकू लागलेले हवेत. ज्या घरात वर्षानुवर्षं माग चालले, तिथे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतील. त्यांच्यावर नुसती पुट्टी भरून पुढे जाऊ नका. तिथलं लिंटेल तपासा, नसेल तर घाला.

नवी खिडकी शेजाऱ्याच्या हद्दीकडे उघडणार असेल तर थांबा. महापालिकेच्या परवान्याचं काय ते परवानाधारक इंजिनिअरकडून करून घ्या, फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र घ्या. शिवाय शेजाऱ्याशी आधी बोला. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगायला ती 20 वर्षं विनाअडथळा वापरात असावी लागते. तुमच्या नव्या खिडकीला तो हक्क नाही. उद्या त्याने आपल्या जागेत भिंत चढवली तर तुम्हाला काही बोलता येणार नाही. आमच्या शेजारच्या अम्मांकडे आम्ही आधी जाऊन बसलो, चहा झाला. त्यांनीच सुचवलं की खिडकी फूटभर वर घ्या, म्हणजे त्यांच्या अंगणातलं दिसणार नाही आणि आम्हाला वाराही मिळेल. तसंच केलं.

३. महिना निवडा

माझं मत स्पष्ट आहे: दिवाळी झाली की काम सुरू करा. उन्हाळ्यात गिलावा दुपारच्या आत सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. गिलाव्याला किमान सात दिवस, लिंटेल-छज्जाला दहा ते चौदा दिवस पाणी मारायला लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मे महिन्यात ते पाणी आणायचं कुठून? टँकर मागवावा लागतो. काँक्रीटवर ओलं गोणपाट बांधलं की पाणी बरंच कमी लागतं, हे मात्र कोणत्याही महिन्यात करा.

हिवाळ्यातही दोन खंड धरून चाला. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजाच्या त्या दिवसांत कामावर कुणी येईल अशी अपेक्षा ठेवू नका, ते योग्यही नाही. पुढे फेब्रुवारीच्या सुमाराला ज्वारीची काढणी येते. बिगारी बरेचसे आसपासच्या गावांतले असतात, ते आठ-दहा दिवस शेताकडे जातात. हे आधीच विचारून वेळापत्रकात घातलं की नंतर भांडण होत नाही.

४. काम कसं द्यायचं

तीन रीती आहेत. हजेरीवर, म्हणजे रोजाने. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे ठरलेले पैसे. आणि मोजमापावर, म्हणजे गिलावा ब्रासने (एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट), खिडकी चौरस फुटाने. जुन्या घराची फोडाफोड हजेरीवर द्या, कारण आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. उक्तं दिलं तर फोडणारा घाई करतो आणि जेवढं फोडायचं त्याच्या दीडपट भिंत पडते. गिलावा आणि खिडक्या मोजमापावर.

चौरस फुटाचा दर विचारताना एवढं आधीच उघड करून घ्या: मोजमाप चौकटीच्या बाहेरून की आतून, जाळी आणि लॉक धरून की वेगळे, जीएसटी धरून की सोडून, गाडीभाडं कुणाचं. काही काचवाले माप वरच्या तीन किंवा सहा इंचांवर नेऊन हिशेब करतात. तेही विचारा.

आता तो कागद. स्टॅम्प पेपर असलाच पाहिजे असं नाही, वहीचं पान चालतं, पण दोघांच्या सह्या हव्यात. त्यावर आम्ही खिडकीपुरतं हे लिहिलं होतं:

गवंडी भोकाची कड गुण्यात (काटकोनात) आणि ओळंब्यात (सरळ उभी) देईल. ग्रॅनाइटची चौकट आणि भिंत यांच्यातली फट गवंडी सिमेंटने भरेल. ग्रॅनाइट आणि अॅल्युमिनियम यांच्यातली फट फॅब्रिकेटर सिलिकॉनने भरेल. रंगारी त्या सिलिकॉनवर पुट्टी ओढणार नाही. राडारोडा गवंड्याने गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन द्यायचा, तिथून पुढे टेंपो आमचा. दहा टक्के रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर.

मिस्त्री हसून म्हणाला, "वैनी, एवढ्या फटीचंबी लिहून ठेवायचं व्हय?" पण सही केली. पुढे ग्रॅनाइटच्या एका कोपऱ्यात पोकळी राहिली, तेव्हा त्याने कुणी न सांगता ती भरून दिली.

पैशाचं म्हणाल तर गवंडी-बिगाऱ्यांना आठवड्याचा हिशेब आठवड्याला चुकता करा. त्यांचं घर त्यावर चालतं. उचल द्यावी लागते, मात्र प्रत्येक उचल वहीत तारखेसह लिहून त्यांच्यासमोर वाचा. फॅब्रिकेटरचं वेगळं असतं. तो माल आणायला आगाऊ रक्कम मागणारच. ती निम्म्याच्या आत ठेवा, दुसरा हप्ता माल घरी आल्यावर, शेवटचा चाचणीनंतर. आमच्याकडून पहिल्या वेळी सगळे पैसे खिडक्या टेकवल्याच्या दिवशीच गेले होते. गळती दाखवायला फोन केले तेव्हा महिनाभर कुणी फिरकलं नाही.

५. क्रम

फोडणं, लिंटेल आणि छज्जा, दगडी चौकट आणि सिल (खिडकीखालची पट्टी), दोन्ही बाजूंचा गिलावा, मग माप, मग ऑर्डर. रंगाचा पहिला हात झाल्यावर खिडकी बसवायची, त्यानंतर सिलिकॉन, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा शेवटचा हात.

यातली "गिलाव्यानंतर माप" ही ओळ कुणी कितीही घाई केली तरी सोडू नका. आमचा फॅब्रिकेटर कच्च्या भिंतीवर माप घेऊन गेला, "गिलाव्याचा अर्धा इंच धरलाय" म्हणाला. गिलावा एका बाजूला अर्धा आणि दुसऱ्या बाजूला एक इंच बसला, कारण जुनी भिंत ओळंब्यात नव्हती. दोन खिडक्यांच्या चौकटी बसेनात म्हणून गिलावा तासला. तिसरी एका बाजूला पाऊण इंच आखूड पडली. ती पाऊण इंचाची फट नुसत्या सिलिकॉनने भरली. उन्हात ते सिलिकॉन आकसून सुटलं, पावसाने वाट शोधली.

लिंटेल-छज्जाचे टेकू चौदा दिवस काढू देऊ नका. "सात दिवसांत निघतंय की" असं ऐकायला मिळेल. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याला वेळ द्या. त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, हे ओतण्याआधी स्वतः वाकून बघा. माणसं वर उभी राहतात, सळई पायाखाली दबून खाली जाते आणि छज्जा पुढे वाकतो.

६. सिल

खिडकीखालची दगडी पट्टी म्हणजे सिल. सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडे जातं आणि सगळ्यात जास्त काम ती करते. ग्रॅनाइट किंवा कडप्पा, कोणताही चालेल. आमच्याकडे शहाबादीही लावतात, पण बाहेरच्या बाजूला तिचे पापुद्रे निघताना मी पाहिलेत, म्हणून मी ग्रॅनाइट घेतला.

सिलचा उतार बाहेर हवा. दोन सूत पुरे, पण तो हवाच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साईटवर सगळे याच मापात बोलतात.) सिल भिंतीच्या बाहेर दीड इंच तरी यायला हवी. आणि तिच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत, कटरने एक खाच लांबीभर मारून घ्या. पाणी कडेवरून खाली वळतं आणि पोटाला चिकटून भिंतीकडे सरकायला लागतं. खाच आली की ते तिथेच थेंब होऊन गळून पडतं. ही खाच नसेल तर सिलच्या खाली काळे ओघळ दिसतात. कोणत्याही गल्लीतून चालत गेलात की ते भिंतीवर दिसतील. पट्टी बसवल्यावर खाच मारता येत नाही, म्हणून दगड कापतानाच सांगा.

७. माप

मापाच्या वेळी तुम्ही तिथे हवंच. रुंदी तीन ठिकाणी: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. सगळ्यात लहान आकडा धरायचा. समजा रुंदी वर 48 इंच, मध्ये 47 इंच 6 सूत, खाली 48 इंच 1 सूत आली. धरायचा आकडा 47 इंच 6 सूत. त्यातून दोन्ही बाजू मिळून 3 सूत सोडायचे, म्हणजे खिडकीची चौकट 47 इंच 3 सूत. ही फट मुद्दाम ठेवायची असते. उन्हात अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) दोन्ही फुगतात, त्यांना जागा लागते, आणि सिलिकॉनलाही आत शिरायला जागा लागते.

नंतर दोन्ही कर्ण मोजा. त्यांच्यात दोन सुतांपेक्षा जास्त फरक असेल तर भोक गुण्यात नाही. तेव्हाच गवंड्याला परत बोलवा. चौकट आल्यावर काही करता येत नाही, आणि टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच असेल तर ती एकदा भट्टीतून निघाली की कापताच येत नाही. सगळे आकडे वहीत लिहून फॅब्रिकेटरची सही घ्या, प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि तोच खडूने भिंतीवर लिहा.

८. काय घ्यायचं

लाकूड, अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला वाटतं आधी एक प्रश्न विचारायला हवा: उघडल्यावर किती वारा येतो? जुनी चार बाय चारची लाकडी खिडकी दोन्ही तावदानं लोटली की सोळाच्या सोळा चौरस फूट उघडी असायची. त्याच भोकात दोन ट्रॅकची सरकती खिडकी बसवली की आठच चौरस फूट उघडतात. सोलापुरात रात्रीचा वारा हाच दिलासा असतो, तो निम्मा करून आपण नंतर कूलर घेतो. म्हणून झोपायच्या खोल्यांत आम्ही बिजागरीवर उघडणाऱ्या खिडक्या घेतल्या. सरकत्या फक्त तिथे, जिथे पल्ला उघडायला बाहेर जागा नव्हती.

जाळीला पर्याय नाही. पाणी साठवावं लागणाऱ्या गावात पिंपं, टाक्या आल्या आणि त्यांच्याबरोबर डास आले. सरकत्या खिडकीत तिसरा ट्रॅक जाळीसाठी घ्या. जाळी स्टीलची असेल तर टिकते. मागावर काम चालतं त्या गल्ल्यांत कापसाची बारीक तूस जाळीवर आणि ट्रॅकमध्ये बसते, तेव्हा जाळीचा पल्ला उचलून धुता आला पाहिजे.

अॅल्युमिनियमचा सेक्शन (चौकटीची पोकळ पट्टी) हातात घ्या, कापलेल्या टोकाची जाडी कॅलिपरने बघा आणि ती बिलावर लिहून घ्या. "हेवी सेक्शन" या शब्दाला काही अर्थ नाही. यूपीव्हीसी असेल तर आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते विचारा, टोकाशी लोहचुंबक लावला की कळतं. टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो पाहून घ्या.

ग्रिलबद्दल एवढंच, पण मनापासून सांगते. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक ग्रिल आतून उघडणारं ठेवा, किल्ली शेजारीच खिळ्याला. 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आत असलेल्या 8 जणांचा जीव गेला, त्यात दीड वर्षाचं बाळही होतं. त्यानंतर आम्ही आधी बसवलेली दोन पक्की ग्रिलं कापून त्यांना बिजागऱ्या लावल्या.

९. बसवण्याचा दिवस

त्या दिवशी घरी थांबा, रजा काढा. चौकट भोकात उभी केली की स्क्रू मारण्याआधी लेव्हल आणि ओळंबा लावून दाखवायला सांगा. चौकटीखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा आधार द्यायचा असतो. लाकडाचे तुकडे देऊ देऊ नका, ते पुढे कुजतात किंवा वाळवीला बोलावतात. गट्टी (स्क्रू ज्यात शिरतो तो तुकडा) दगडात नीट घट्ट बसली पाहिजे, स्क्रू हाताने हलवून बघा.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने लहान भोकं असतात. ट्रॅकमध्ये साठलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. सिलिकॉन मारणारा माणूस हात फिरवता फिरवता ती बुजवतो. आमच्या एका खिडकीत हेच झालं होतं, ट्रॅक भरून पाणी आत सांडत होतं. काडी घालून प्रत्येक भोक बघा.

सिलिकॉन विकत घेतानाच "न्यूट्रल, बाहेर वापरायचं" असं मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन काचेच्या पेटीला ठीक, दगड-सिमेंटला नको. मारण्याआधी फट कोरडी आणि धूळ पुसलेली हवी. इथल्या धुळीत हे दर दहा मिनिटांनी करावं लागतं, करा.

चौकटीवरची संरक्षक टेप रंग होईपर्यंत राहू द्या, कारण ओलं सिमेंट अॅल्युमिनियमला डाग पाडतं. पण उन्हात महिनोन्‌महिने ठेवू नका. ती भाजून चिकटते आणि मग ब्लेडने खरवडावी लागते.

१०. पाण्याची चाचणी

सिलिकॉनला दोन दिवस द्या. मग खिडकी बंद करून एकाने बाहेरून झारीने किंवा पाइपने आधी सिलवर, मग दोन्ही कडांवर, शेवटी वरच्या कडेवर, असं खालून वर पाणी मारायचं. प्रत्येक जागी पाच मिनिटं. दुसऱ्याने आत कोरडं वर्तमानपत्र कडेला दाबून धरायचं. खालून वर जाण्याचं कारण असं की वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. दोन-तीन बादल्यांत एक खिडकी होते. धुण्याचं उरलेलं पाणीही चालेल.

वर्तमानपत्र ओलं झालं तर खडूने खूण करा, फोटो काढा, आणि सह्यांच्या कागदावर ती कड ज्याच्या नावाने लिहिली आहे त्यालाच बोलवा. चारही खिडक्यांचं हे फॅब्रिकेटर आणि मिस्त्री दोघांसमोर केलं. एका खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओल दिसली. फॅब्रिकेटरने तिथेच सिलिकॉन काढून परत भरलं, दोन दिवसांनी पुन्हा पाणी मारलं, कागद कोरडा राहिला. मग उरलेले दहा टक्के दिले.